पोचेचा थेंब

त्या राज्यात निरोप तोंडातून तोंडात जात असे, आणि तो बंद झाला तर मुंग्या मरतील असं बायजाक्का सांगत होती तेव्हा तिच्यावर एकीनंही विश्वास ठेवला नाही. एकीनंही नाही. तिची धाकटी बहीण रंगूसुद्धा हसली होती.

बायजा वारुळाची निरोपी. दोन मुंग्या वाटेत भेटल्या की तोंडाला तोंड लावायच्या, आणि निरोपासोबत देणारीच्या तोंडाची चवही पुढं जायची. कोण बोललं हे विचारावं लागत नसे. काम मात्र हळू होई. चाऱ्याला गेलेल्या टोळ्या आता लांब लांब, चिंचेच्या खोडापलीकडं जात, आणि त्यांना गाठायला बायजेला दोन दिवस लागत.

कारभारी होता दाजिबा डोंगळा. काळाभोर, मोठ्या डोक्याचा आणि त्या डोक्यावर खूश. त्यानं वासाची कुपी आणली. कुपीतला एक थेंब वाऱ्यावर सोडला की मुंगी असेल तिथं, चालता चालता, तिच्या मिशांना निरोप कळे. घरी यायला नको, कुणाला भेटायला नको. सोबत दाजिबानं दोन नियम केले. निरोप मिळाला की प्रत्येकीनं पोच म्हणून तसाच एक थेंब जागेवर टाकायचा. आणि थेंब सांगेल ते खरं, वर तोंडी विचारपूस करायची नाही.

बायजा त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"दाजिबा, निरोपाचा वास आणि पोचेचा वास एकच. मागून येणारी पोर कशाच्या मागं जाईल?"

"आक्का, तुमचं काम गेलं म्हणून तुमच्या पोटात दुखतंय."

"माझ्या पोटाचं राहू दे. मी विचारलं त्याचं उत्तर दे."

"उत्तर थेंबानं पाठवतो," दाजिबा म्हणाला, आणि भोवतालच्या सगळ्या खो खो हसल्या. रंगू म्हणाली, "आक्के, चल गं, उगा शोभा करून घेऊ नको."

आठवड्यानं रंगू चाळीसजणींची टोळी घेऊन चिंचेच्या खोडाकडं गेली. मागं आभाळ भरून आलं म्हणून दाजिबानं थेंब सोडला: परत फिरा. तो रंगूला मिळाला. तिनं नियमाप्रमाणे पोच टाकली. मागचीला ती पोचच निरोप वाटली, तिनं आपली पोच टाकली. तिच्या मागचीनंही. टोळी वळली ती एका धोंड्याभोवती, आणि शेवटची पहिलीच्या वासावर येऊन पोचली. मग सगळ्या परत फिरत राहिल्या. एकीमागं एक, धोंड्याभोवती गोल. प्रत्येक फेरीला प्रत्येकीची नवी पोच पडत होती आणि वाट आणखी पक्की होत होती.

बायजेनं लांबून तो वास ओळखला. ती कारभाऱ्याकडं धावली.

"मला जाऊ दे. रंगूच्या तोंडाला तोंड लावते, ती थांबेल."

"थांबेल कशाला?" दाजिबा मिशा हलवत म्हणाला. "हजारावर पोचा आल्यात. इतकी पोच आजवर कुठल्या निरोपाला आली नव्हती."

त्यानं निरोप्यांना दार बंद केलं. तिसऱ्या दिवशी पोचा यायच्या थांबल्या.

आता वारुळात एक रीत होती. मेल्याचा वास ज्या अंगाला येईल ते अंग उचलून मसणवट्यात न्यायचं. तिथं भागी नावाची म्हातारी बसे. प्रत्येक मढ्यामागं ती एकच विचारी, "कोणामुळं?" नेणारी नाव सांगे, पाल, चिमणी, पाऊस, आणि ते नाव त्या मढ्याला कायमचं लागे.

दाजिबानं थेंब सोडला: बायजेनं वाटेवर तोंड लावून वास बिघडवला, म्हणून चाळीसजणी गेल्या. थेंब सांगेल ते खरं. चाळीसही मढी बायजेनंच वाहायची, असं ठरलं.

तिनं वाहिली. प्रत्येकीला भागीनं विचारलं, आणि प्रत्येकीला तिनं सांगितलं, "बायजा." रंगूला तिनं शेवटी उचललं. तिचे पाय झिजून अर्धे झाले होते. भागीनं विचारलं. बायजेनं दात आवळून आपलं नाव घेतलं. मग रंगूच्या जबड्यापाशी साचलेलं, मेल्याचा वास येणारं तेल तिनं हळूच आपल्या पायाला पुसून घेतलं.

दुपारी दाजिबा मावा किड्यांचा गोड रस प्यायला गेला तेव्हा कुपी उघडीच होती. बायजा आत गेली, कुपीच्या काठावर पाय घासला आणि बाहेर आली. एवढंच.

दाजिबा ढेकर देत परतला. कुपी सवयीनं कपाळाला लावली आणि रोजचा थेंब सोडला: सर्व ठीक आहे.

दारावरच्या दोघी लगबगीनं आत आल्या. त्यांनी त्याला हुंगलं, थेंबाला आणि त्याच्या कपाळाला मेल्याचा वास होता; त्याच्या पाठीवर पोच टाकली आणि त्याला उचललं.

"अगं, खाली ठेवा. जिवंत आहे मी."

"थेंब तसं म्हणत नाही, कारभारी."

"माझ्याकडं बघा की. बोलतोय ना मी?"

"तोंडी विचारपूस करायची नाही," दुसरी म्हणाली. तिला त्याचं वाईट वाटत होतं, पण पाय थांबत नव्हते.

वाटेत भेटेल ती मुंगी त्याच्या अंगावर आपली पोच टाकी. त्यांनी त्याला मढ्यांवर ठेवलं. तो उठून दारापर्यंत चालत आला. पुन्हा पोचा, पुन्हा मसणवटा. तिसऱ्या खेपेला त्याच्या अंगावर वासाचा इतका जाड थर चढला होता की पाय नुसते हवेत हलत राहिले.

भागी उठून जवळ आली. "कोणामुळं?"

नेणाऱ्यांनी थेंब चाखला. त्यात दाजिबाच्या कुपीची चव होती. त्या गोंधळून बायजेकडं बघू लागल्या.

"माझ्याकडं काय बघता? थेंबाला विचारा," बायजा म्हणाली. "आणि रंगूच्या पायाला लागलाय तोही चाखा."

त्या वाकल्या. रंगूच्या झिजलेल्या पायांवर तीच चव होती. शेजारणीच्या पायांवर तीच. तिच्या शेजारणीच्याही.

म्हातारी रंगूपाशी येऊन उभी राहिली. वर दाजिबाचे पाय हलत होते, त्यांच्याकडं तिनं बघितलं नाही. आधीचं नाव पुसायची तिथं पद्धत नव्हती, पण तिनं पुन्हा विचारलं, "हिला कोणामुळं?"

या वेळी बायजा बाजूला सरली. बाकीच्या एका तोंडानं म्हणाल्या, "दाजिबा डोंगळा."