हिवरगडच्या गटाराची साक्ष

“घाण तेलकट आहे, म्हणजे तेल्यांचीच! यात आणखी शोधायचं काय राहिलं?” दिवाण दाजीपंत भर दरबारात गरजले.

“आणि पाणी वरून खाली वाहतं, हे दिवाणजींना ठाऊक आहे का?” बहिर्जी तेल्याची लेक हौसा तितक्याच जोरात बोलली. “वर तुमचा राजवाडा, खाली आमची तेलीआळी. आम्ही काय ओंजळीओंजळीनं घाण टेकडीवर चढवतो?”

“महाराज, बघा हिची जीभ!”

“जिभेचं मागाहून बघा, दिवाणजी. आमच्या चुलीत पाणी शिरलंय!”

खोटं नव्हतं ते. राजवाड्याच्या मोऱ्यांचं सगळं सांडपाणी तेलीआळीतल्या दगडी गटारातून ओढ्याला जायचं. थंडी पडली तसं गटार तुंबलं आणि पाणी उलटं फिरून घराघरात शिरलं. आळीनं महिनाभर अर्ज केले, कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग एक दिवस दिवाणजींचा जरीचा जोडा त्या चिखलात रुतून बसला, आणि काय सांगू, राज्यावर केवढं संकट कोसळलं! त्याच दिवशी हुकूम निघाला: तेलीआळी उठवा, घाणे उखडा, माणसं ओढ्यापलीकडच्या माळावर नेऊन टाका.

राजे मानाजीराव भलते हट्टी. त्यात भूक लागलेली.

“पुरे! तुम्ही दोघंही फार बोलता,” ते म्हणाले. “आता मी तिसऱ्याचं ऐकणार. परवा त्या गटारातलं पाणीच इथं येऊन सांगेल, ते कुणाच्या घरचं आहे. सांगितलं तर ठीक. नाही तर आळी उठली!”

“पाणी बोलेल कसं, मायबाप?” बहिर्जी रडकुंडीला आला.

“बोलेल, आबा,” हौसा म्हणाली. “पण महाराज, ते बोलत असताना कुणी उठून जायचं नाही. आणि नाक धरायचं नाही.”

“कबूल!” राजे म्हणाले. वास यायच्या आधी कबूल करणं सोपं असतं.

तिसऱ्या दिवशी हौसा आली. राजवाड्याच्याच दोन शिपायांसमोर गटारातून भरलेली घागर तिच्या डोक्यावर होती. तिनं चौकात तीन दगड मांडले, जाळ केला आणि पातेल्यात ती घाण उकळायला ठेवली. अहाहा, काय तो दरबारी सुगंध! सरदारांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. लढाईत कधी पाठ न दाखवलेले सेनापती खांबाआड सरकले. दिवाणजींचा हात नाकाकडे निघाला.

“हात खाली!” हौसा म्हणाली. “साक्षीदाराचा अपमान होतो.”

राजांनीही चुपचाप हात खाली घेतला.

गाळ तळाला बसला, चिकणाई वर तरंगली. हौसानं ती पळीनं काढून फडक्यातून एका वाटीत गाळली. दुसऱ्या वाटीत करडईचं तेल ओतलं, तिसरीत तिळाचं. तिन्ही वाट्या थंडगार पाण्याच्या परातीत ठेवल्या आणि स्वतः निवांत मांडी घालून बसली.

“आता काय?” राजांनी विचारलं.

“आता साक्षीदार विचार करतोय.”

घटकाभरानं ती उठली. करडईच्या तेलाची वाटी तिनं उलटी केली. भळकन सांडलं. तिळाची उलटी केली. तेही सांडलं, तेही नेमकं राजांच्या गालिच्यावर! गटारातल्या चिकणाईची वाटी तेवढी उरली. ती उचलून हौसा सरळ दिवाणजींजवळ गेली आणि त्यांच्या पगडीवर तिनं वाटी उपडी धरली.

“अगं ए!” दिवाणजींनी डोळे घट्ट मिटून घेतले.

एक थेंब पडला नाही! आतली चिकणाई गच्च गोठली होती.

“आमचं तेल या थंडीत गोठत नाही, महाराज. गोठलं असतं तर आम्ही ते विकलं कसं असतं, कुदळीनं खणून? हे जे आहे, ते वर गरम असतं तोवर मोरीतून सुरसुर निघतं. खाली आमच्या गार दगडांवर आलं की थिजतं. बरं, हे काय आहे ते त्यालाच सांगू द्या.”

तिनं वाटीत वात खोवून पेटवली. ज्योत लख्ख लागली. हळूहळू चौकातली दुर्गंधी मागे हटली आणि एक ओळखीचा वास दरवळला. राजांनी एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं.

“अरे, हे तर साजूक तूप! माझ्या अनारशांचं!”

मुदपाकखान्याचा थोरला आचारी पांढराफटक पडला. महाराजांसाठी एकदा तळलेलं तूप पुन्हा कढईत चढवायचं नाही, हा तिथला रिवाज. आणि उरलेलं नोकरांना द्यायचं नाही, नाही तर मेले मुद्दाम जास्त तळतील, हा खास दाजीपंतांचा हुकूम. मग उरली कोण? मोरी!

पण दाजीपंत ऐकतात होय! “चोरी!” ते किंचाळले. “महाराज, या तेल्यांनी आपलं तूप चोरून गटारात ओतलंय!”

त्यावर हौसा एकच वाक्य बोलली, आणि राजे मानाजीराव असे हसले, असे हसले की हुजऱ्याला त्यांची पाठ चोळावी लागली. आचाऱ्यानं तिथल्या तिथं सगळं कबूल केलं. राजांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून हौसाला पांघरली. तेलीआळी होती तिथंच राहिली. राजवाड्याच्या मोरीखाली चिकणाई अडवायला हौद बांधायचा ठरला आणि तळून उरलेलं तूप दर आठवड्याला तेलीआळीत पाठवायचं ठरलं. आणि तुंबलेलं गटार? ते मोकळं होईस्तोवर दिवाणजींनी रोज सकाळी काठावर उभं राहून देखरेख करायची. जोडा सापडला तर त्यांचा त्यांना!

त्यानंतर दाजीपंत दरबारात तेल्यांविषयी अवाक्षर बोलले नाहीत. कारण हौसा म्हणाली होती, “दिवाणजी, चोरलेलं तूप माणूस वाटी चाटूनपुसून खातो, गटारात ओततो तो, ज्याला ते फुकट मिळतं!”