फाईलला लावायची प्रत

ड्रोनच्या कारखान्यात मंदाताई लोणारे कार्बन फायबरच्या पट्ट्यांना स्क्रूची भोकं पाडत. पट्टी दोन लाकडी फळ्यांमध्ये आवळायची, मगच ड्रिल चालवायचं. नाहीतर भोकाच्या कडेचे धागे उसवतात आणि स्क्रू सैल बसतो.

नवे मॅनेजर जहागीरदार हे बघून तडकले. "यात किती वेळ जातो! फळ्या बंद! पुन्हा दिसल्या तर घरी बसा. हा लेखी हुकूम, दोन प्रती. एक फाईलला लावा."

फाईलला लावायचं तर कागदाला भोक हवं. मंदाताईंनी एक प्रत नुसतीच धरून ड्रिल टेकवलं. कागद सहीसकट टरकला. दुसरी फळ्यांमध्ये आवळली. भोक गोल, स्वच्छ पडलं.

दोन्ही प्रती पुढे करत त्यांनी शांतपणे विचारलं, "साहेब, यातली कुठली लावू?"