गोठ्यापाशी वळलेलं गटार

डोंगरउतारावरच्या एका गावात अनसूया धुमाळ नावाची बाई सरपंच होती. गावाच्या वरच्या आळीत दर पावसाळ्यात पाणी तुंबायचं. माणसं चपला हातात घेऊन चालायची, पोरं तापाने फणफणायची. गटार करून देण्याचा शब्द देऊनच अनसूया निवडून आली होती.

अखेर कामाला मंजुरी मिळाली. अभियंते गोसावी आले, त्यांनी चुन्याची फक्की टाकून गटाराची आखणी केली. ग्रामसभेत ते म्हणाले, "वरच्या आळीतलं पाणी खाली कुंभारआळीपर्यंत नेऊन सोडू. पुढे ते आपोआप वाट काढेल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुंभारआळीतलं कुणी सभेला नव्हतं. त्यांच्या भट्ट्या पेटल्या होत्या.

अनसूयेला मात्र तो 'आपोआप' स्वस्थ बसू देईना. भाकरी थापता थापता तिचा हात थांबे. कुणी काही सांगत असलं तरी तिचं चित्त भलतीकडेच असे. शेवटी एका सकाळी ती एकटीच फक्कीच्या रेषेवरून चालत निघाली.

रेषा सरळ ओढ्याच्या दिशेने चालली होती. मध्येच एका गोठ्यापाशी ती वळली आणि कुंभारआळीत उतरली. गोठा धुमाळांचा होता.

खाली सरू कुंभारीण दारात मडकी वाळत घालत होती. अनसूयेने विचारलं, "इथं पावसाचं पाणी येतं का गं?"

"येतं की, सरपंचबाई. कच्ची मडकी भिजून चिखल होतो. वरून आणखी सोडलंत, तर चूलसुद्धा पेटायची नाही."

अनसूया तरातरा वर आली. "साहेब, गटार आमच्या गोठ्यापाशी का वळलं?"

गोसावींनी मान खाली घातली. "बाई, सरपंचांचा गोठा पाडा, असं कोण म्हणणार?"

"मी सांगितलं होतं का, तो वाचवा म्हणून?"

"तुम्ही नाही. कुणीच नाही. सगळ्यांनी आपलं समजून घेतलं."

अनसूयेचा चेहरा उतरला. गप्प राहिली असती, तर तिला कुणी बोल लावला नसता. शिवाय तो गोठा तिच्या सासऱ्यांनी स्वतः खपून उभा केलेला. ती अंगणात नुसती येरझाऱ्या घालत राहिली. मग मन घट्ट करून सासऱ्यांपुढे उभी राहिली.

सगळं ऐकून म्हातारा कडाडला, "घर मोडायला सरपंच झालीस काय?"

"मामंजी, गोठा दुसरीकडे पुन्हा बांधता येईल. पण तो वाचवायला कुंभारआळी बुडवायची, हे माझ्या गळी उतरत नाही."

सासऱ्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. अनसूयेने ग्रामसभा पुन्हा बोलावली. या वेळी कुंभारआळीत ती स्वतः घरोघर सांगून आली. गटार सरळ ओढ्याला न्यायचं ठरलं. गोठा उतरवायला माणसं आली, तेव्हा म्हातारा दूर उभा राहून बघत होता. मग एकदम ओरडला, "अरे, कौलं फोडू नका! हळू काढा, नव्या गोठ्याला लागतील."

पाऊस सुरू झाला, तशी अनसूयेची घालमेल वाढली. जरा सर आली की ती दाराशी जाई, पुन्हा आत येई. एके दिवशी आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळला. ती डोक्यावर पोतं घेऊन धावत सुटली. वरच्या आळीत पाणी तुंबलं नव्हतं. गटार खळाळत ओढ्याला मिळत होतं. तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना. ती तशीच कुंभारआळीत उतरली.

सरूचं घर कोरडं होतं. चुलीवर कालवण रटरटत होतं.

"किती भिजलात, बाई! टेका जरा," सरू म्हणाली.

अनसूया उंबऱ्यावर टेकली. त्या पावसाळ्यात पहिल्यांदाच ती निवांत पाऊस बघत बसली.

तात्पर्य: ज्याच्या हाती अधिकार असतो, त्याला न मागताही जी सूट मिळते, तिची झळ कुणाला बसते, हे त्याने स्वतः जाऊन पाहावं.