मोटेचं पाणी कुठे जातं

फार फार वर्षांपूर्वी, राजे स्वतःच्या हाताने झाडं लावायचे तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात वैद्यांसाठी औषधी झाडांची मोठी बाग होती. गंगाई नावाची म्हातारी माळीण तिची देखरेख करी.

बागेत सकू कामाला होती. बडबडी, हसरी. कुणाची टोपली जड दिसली की हिचा हात आधी पुढे. आणि टेकडीपलीकडच्या विहिरीवर भिवा होता. दिवसभर मोट हाकून बागेला पाणी सोडायचं, बैल सोडायचे, घर गाठायचं. कुणाशी बोलणं म्हणून नाही.

एकदा पाण्याचा पाट फुटला. सगळे चिखलात उतरले. भिवा मात्र बैल घेऊन काठाकाठाने निघून गेला.

गंगाई संतापली. “माणूस आहे की दगड! उद्यापासून दुसरा बघते.”

सकू म्हणाली, “आजी, बारा वर्षं तो पाणी ओढतोय. पण आपली बाग त्यानं कधी पाहिलीये का?”

गंगाईच्या ते ध्यानात आलं. तिनेच त्याला कधी बोलावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत टेकडी चढली आणि भिवाला बागेत घेऊन आली. अडुळशापाशी एक बाई खोकून खोकून थकलेलं लेकरू घेऊन बसली होती. वैद्य त्याच्यासाठी पानं खुडत होते.

“हे झाड माझ्या पाण्यावर वाढलं?” भिवाने विचारलं.

“तुझ्याच, बाबा.”

भिवा बराच वेळ त्या लेकराकडे पाहत राहिला. मग विहिरीकडे परत गेला. गंगाईला वाटलं, आपली पायपीट फुकट गेली.

भर उन्हाळ्यात सकू तापाने आडवी झाली. तिची रोपं कोवळी. दोन दिवस पाणी चुकलं तर करपली असती. गंगाई धापा टाकत तिथे पोचली, तर वाफे ओले होते, रोपांवर पळसाच्या पानांची सावली केलेली होती आणि भिवा तण उपटत होता.

“कुणी सांगितलं रे तुला?”

“कुणी नाही,” तो ओशाळला. “बैल अजून दमले नव्हते.”

गंगाईचे डोळे भरून आले. सगळ्यांना हाका मारून त्याचं कौतुक करावंसं वाटलं. पण त्याची खाली गेलेली मान तिने पाहिली, आणि ती मुकाट्याने त्याच्या शेजारी तण उपटायला बसली.

सकू बरी होऊन आली तेव्हा एकही रोप करपलं नव्हतं. ती भिवाशी तासभर बोलली. तो नुसता हसला. पुढे नवा माणूस आला की गंगाई त्याला पहिल्या दिवशी काम देत नसे. आधी सगळी बाग हिंडवून आणी.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: कामात जीव गुंतला की मदतीचा हात न सांगता पुढे येतो, कुणाचा हसत-बोलत, कुणाचा अबोलपणे.