सोनसांगवीच्या दगडी माणसांची नावं

एका राज्यात, जिथं राजाविरुद्ध बोलणाऱ्याची जीभच दगडाची व्हायची, भद्रसेन नावाचा राजा होता. सोनसांगवीकरांनी आपली विहीर त्याला दिली नाही, म्हणून त्याच्या जादूगारानं भर दुपारी अख्खं गाव दगडाचं केलं. माणसं थिजली, पण सावल्या हलत राहिल्या. सावल्या दळत होत्या, पाणी शेंदत होत्या. अहो, सांगतानाही अंगावर काटा येतो!

वाचली एकटी कोंडाई, गावची सुईण. ती परगावी बाळंतपणाला गेली होती. परतली तर लेक दगड, लेकीच्या मांडीवरची अकरा दिवसांची नातही दगड. बाई ऊर बडवून रडली. मग उठली आणि सात राज्यांच्या शिवा मिळतात त्या बेटावर, पंचांकडे गेली.

पंचांतली थोरली हिराक्का म्हणाली, "इथं राजाचाही न्याय होतो. पण तीन गोष्टी हव्यात. हुकूम, हुकूम बजावणारा आणि हुकूम देणारा."

भद्रसेन हुकूम कधी लिहून द्यायचा नाही. आपल्या पाळलेल्या साळुंकीच्या कानात सांगायचा, ती जाऊन पोचवायची. त्या दुपारनंतर साळुंकी रानात पळाली होती. कोंडाईनं हाक मारताच ती खांद्यावर येऊन बसली.

जादूगार घरातच सापडला. सोनसांगवीच्या सावल्या रोज त्याच्या भिंतीवर येऊन उभ्या राहायच्या. "बाई, मला इथून ने," तो म्हणाला.

राहिला राजा. पण घमेंड केवढी! पंचांनी नाव पुकारलेलं असताना हा मुलाचं वऱ्हाड घेऊन शेजारच्या राज्यात गेला. मांडवात ऐटीत पाय पुढे केले. वधूपित्यानं पाय धुवायला तांब्या उचलला, आणि तसाच खाली ठेवला.

"व्याहीबुवा, पंचांनी पुकारलेल्याचे पाय धुता येत नाहीत. त्याला बेटावर पोचवायचं, अशी आपण सातही राजांनी शपथ घेतलीय. तुम्हीसुद्धा."

बेटावर राजा गुरगुरला, "मी कुणाला हात लावला नाही. केलं ते जादूगारानं."

तेव्हा साळुंकी बोलली, हुबेहूब राजाच्या आवाजात. "एकही सोडू नकोस. तान्हंसुद्धा नाही."

राजा पांढराफटक पडला.

हिराक्कानं निकाल दिला. "दोघांना जन्मभर बेटावर कैद. पण आधी, भद्रसेना, प्रत्येकासमोर उभा राहा. त्याचं नाव घे आणि 'मी केलं' म्हण. त्याशिवाय शाप सुटायचा नाही."

राजाला सोनसांगवीत आणलं, पण त्याला एकही नाव ठाऊक नव्हतं. कोंडाई सांगत गेली, तो म्हणत गेला. एकेक दगड श्वास घेऊ लागला, एकेक सावली आपापल्या पायांशी आली. लेक हलली. मांडीवरचं तान्हं मात्र गारच.

"हिचं नाव?" राजानं विचारलं.

"ठेवायचं राहिलं," कोंडाई म्हणाली. "बारशाच्या आदल्या दिवशी तुझा हुकूम आला."

मग नुकतीच जागी झालेली आत्या पुढे आली. त्या दगडी कानात तिनं हळूच नाव सांगितलं, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं.

"जाई," राजा म्हणाला. "मी केलं."

पोरीनं भुकेनं टाहो फोडला. लेकीनं तिला पदराखाली घेतलं.