नाग, अळंबी आणि पाच टाळ्या

एका गावात एक माणूस होता आणि त्याच्या तोंडात एक जीभ होती. आता जीभ कुणाच्या तोंडात नसते? पण तुमची-आमची जीभ जेवणानंतर घटकाभर पडते तरी. याची पडायची नाही. कुणी काही विचारलं आणि उत्तर ठाऊक नसलं, की त्याला बसल्या जागी मुंग्या यायच्या. पाय हलायचा, डोकं खाजायचं, टोपी पुढे-मागे व्हायची. मग तो उत्तर मनानेच तयार करायचा. तयार झालं की जीव थंड.

लोक त्याला सांगोबा म्हणत.

"सांगोबा, बिबट्याच्या अंगावर ठिपके कशाचे हो?"

"लहानपणी देवी आल्या होत्या त्याला."

"आणि पुरणपोळीवर तूप का घालतात?"

"घशातून उतरताना पोळी घाबरते. तूप तिचा हात धरतं."

"मगर का रडते?"

"एवढे दात, आणि सुपारी द्यायला कुणी नाही. तू नसतास रडला?"

लोक हसायचे, माना डोलवायचे आणि घरी जाऊन तेच दुसऱ्याला सांगायचे. सांगताना हसू मात्र वाटेत कुठेतरी सांडून जायचं. तुम्ही नका हसू. तुम्ही सकाळपासून किती जणांना काय काय सांगितलंत, ते आठवा आधी.

तर एकदा आठवडी बाजारात पलीकडच्या गावच्या भाजीवालीने त्याला विचारलं, "सांगोबा, आमच्या रानातल्या वारुळाच्या खाचेत अळंबी येतात, ही एवढाली. पण आत नाग असतो. हात घालावा कसा?"

सांगोबाला ठाऊक नव्हतं. घालू नये, एवढं तर कुणीही सांगितलं असतं. पण एवढ्याशा उत्तराने त्याच्या जिभेचं पोट कुठलं भरायला! पाय हलला, टोपी सरकली.

"त्यात काय! तीन टाळ्या वाजवायच्या आणि म्हणायचं, 'पाहुणे आले हो!' नाग घरंदाज. पाहुणे म्हटलं की मागच्या खोलीत जाऊन बसतो. तुझा नवरा नाही का बसत?"

"बसतो खरा," भाजीवाली म्हणाली आणि पोट धरधरून हसली. वांगी तोलून झाल्यावर वर दोन जास्त टाकली. सांगोबाने ती वांगी भरून खाल्ली, ढेकर दिला आणि टाळ्यांचं पार विसरून गेला.

टाळ्या मात्र चालू लागल्या. पहिल्या गावात कुणाला तरी तीन कमी वाटल्या, त्याने पाच केल्या. दुसऱ्या गावात एका सासूने हाताला हळद लावली. तिसऱ्या गावात कुणी तोंड पूर्वेला फिरवलं. पुढे एक चार बुकं शिकलेला भेटला, त्याने 'शास्त्रात आहे' असं जोडलं. कुठल्या शास्त्रात, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तोही बहुतेक सांगोबाकडेच आला असता.

श्रावण आला. मटण-मासळी बंद. अशा वेळी घरी मेहुणा जेवायला येणार, म्हणजे सांगोबाच्या बायकोचा भाऊ. भावाला काय वाढावं? खोबऱ्याच्या वाटणातली अळंबी आणि तांदळाची भाकरी! बायको सकाळीच टोपली घेऊन डोंगराकडे गेली.

सांगोबा ओट्यावर दात कोरत बसला होता. शेजारची म्हातारी म्हणाली, "तुझी बायको हाताला हळद फासून कुठे निघाली रे?"

"अळंबी काढायला. पण हळद कशाला?"

"अरे, नागासाठी! हळदीचे हात, पूर्वेला तोंड, पाच टाळ्या, आणि मग 'पाहुणे आले हो!' नाग आत जातो. तिच्या माहेरी सगळ्या बायका सांगतात. एवढं ठाऊक नाही, आणि म्हणे सांगोबा!"

सांगोबाच्या हातातली काडी गळून पडली. "म्हातारे, असा हात घालून कुणी परत आलेलं तू पाहिलंयस?"

"पाहिलं नाही बाबा. पण सगळे सांगतात तर!"

सांगोबा उठला आणि धावला. असा धावला, की एक वहाण ओट्यापाशी राहिली, दुसरी उकिरड्याशी. पारावर चार रिकामटेकडे बसले होते. त्यांना बघून तो ओरडला, "चला रे! डोंगराकडे चला! बायको वारुळात हात घालतेय!"

"टाळ्या वाजवून घालतेय ना? मग भ्यायचं काय?"

"अरे, टाळ्यांचं खोटं आहे! मी केलंय ते, मनाने! बाजारात! तीन टाळ्या म्हणालो होतो मी!"

"तीन?" एकाने कपाळावर हात मारला. "तिथेच चुकलास. खऱ्या पाच असतात."

"माझ्या आज्याच्या वेळेपासूनचं आहे ते," दुसरा म्हणाला.

"आणि म्हणे मी केलं! उद्या म्हणशील डोंगर मी केला."

सगळे हसले. उठलं कुणीच नाही. आजवर त्याच्या थापांना या पारावर जागा मिळत आली होती. एक खरं बोलायला आला, तर टेकायलाही कुणी सरकेना!

सांगोबा पुन्हा पळत सुटला. पायात काटे भरले, धोतराचा सोगा सुटून मागे लोळायला लागला. धावता धावता तो कान देऊन ऐकत होता. आणि डोंगराच्या पायथ्याशी त्याला ऐकू आलंच.

टाळी.

पुरुषभर उंचीचं वारूळ. त्याच्या पोटाला एक खाच आणि खाचेत पांढरीशुभ्र अळंबी, दाटीवाटीने. बायको पदर खोचून पूर्वेला तोंड करून उभी. हात पिवळे.

"अगं, थांब!"

"थांबा हो, मोजणी चुकेल माझी." तिने पाचवी टाळी वाजवली. "पाहुणे आले हो!" आणि ती वाकली.

सांगोबाने तिचं मनगट धरलं. त्याच्या छातीचा भाता झाला होता. "हे... हे मी सांगितलेलं आहे. भाजीवालीला. दोन वांगी जास्त मिळाली होती, आठवतं?"

"तुम्ही?" बायको फणकारली. "हे माझ्या माहेरचं आहे. जरा काही चांगलं दिसलं की त्यावर आपलं नाव घालायची खोडच तुमची! सोडा हात. भाऊ येऊन बसेल."

"आत नाग आहे!"

"कशावरून? मागच्या खोलीत गेला नाही कशावरून? सांगा बघू."

आता आली का पंचाईत! सांगोबाच्या जिभेवर उत्तरं धावत आली. म्हणावं, आताच फणा पाहिला. म्हणावं, स्वप्नात येऊन सांगून गेला. एकाहून एक झकास! पण समोरची बाई अशी उत्तरं भाकरीबरोबर खाऊन म्हातारी झाली होती. आणखी एक ऐकलं असतं, हसली असती आणि हात घातला असता.

त्याचा पाय हलेना. डोकं खाजेना. जीभ टाळूला चिकटली.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

बायको वाकलेली तशीच राहिली. मग हळूहळू सरळ झाली. लग्नापासून तिने या माणसाचं काय काय ऐकलं होतं! हे तीन शब्द ऐकले नव्हते. तिने हळदीचा हात त्याच्या कपाळावर ठेवला. "ताप तर नाही," ती पुटपुटली. मग त्याच्या पायांकडे पाहिलं. ते रक्ताळलेले होते. मग खाचेकडे पाहिलं.

बाजूची लांब काठी उचलून तिने लांबूनच अळंब्यांमध्ये सारली.

तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा आवाज झाला. अळंबी बाजूला झाली आणि मधून काळा फणा उभा राहिला. तिचं मनगट गेलं असतं, नेमका तिथे. दोघं पावलापावलाने मागे सरली. नाग डुलला, थोडा वेळ थांबला आणि वारुळाच्या पलीकडून गवतात उतरून गेला.

बायकोने रिकामी टोपली उचलली. म्हणाली, "मागच्या खोलीत नव्हता की हो."

मेहुण्याला त्या दिवशी पिठलं मिळालं. तो रुसला. रुसेना का, बहीण तर होती वाढायला!

त्यानंतर सांगोबा बाजारात मुकाट बसायला लागला. पोरं मुद्दाम विचारायची, "सांगोबा, विंचवाची नांगी वाकडी का?" अंगठा हलायचा, टोपी सरकायची, घाम फुटायचा. पण तो म्हणायचा, "माहीत नाही." लोकांना वाटलं, म्हातारा गेला कामातून. तो दिसेल त्याला धरून सांगायचा, "टाळ्यांनी काही होत नाही रे, वारुळात हात घालू नका." लोक म्हणायचे, "बरं, बरं," आणि पुढे जायचे. यात हसण्यासारखं काही नव्हतं, मग दुसऱ्याला काय सांगणार?

बायकोने झालेली गोष्ट फक्त शेजारच्या म्हातारीला सांगितली होती. म्हणजे गावाला. म्हणजे पंचक्रोशीला.

एके दिवशी लांबच्या गावचा मडकी विकणारा त्याच्या शेजारी येऊन टेकला. इकडे-तिकडे बघून हळूच म्हणाला, "काका, नवीन कळलं का? नाग समोर आला ना, की त्याच्या डोळ्यांत बघून म्हणायचं, 'मला माहीत नाही.' निमूट निघून जातो! पण कपाळाला हळद हवी हं. आमच्या गावात सगळे सांगतात."

सांगोबाने डोळे मिटले. मग टोपी घट्ट केली आणि वहाणा हातात घेतल्या.

"तुझं गाव कुठल्या वाटेला रे?" त्याने विचारलं, आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आत धावत सुटला.

तात्पर्य: 'माहीत नाही' म्हटल्याने जीभ झिजत नाही, पण मनाने रचलेली थाप एकदा वेशीबाहेर गेली, की तिला परत आणताना पाय झिजतात आणि ती तरीही सापडत नाही. ही गोष्ट पुढे सांगायचीच असेल तर खुशाल सांगा, फक्त टाळ्या आहेत तेवढ्याच ठेवा.