मतांचे रांजण

"उद्या सूर्य मावळला की परका तिबेस कुंभार किंवा त्याच्या हातची एकही वस्तू वेशीच्या आत दिसता कामा नये!"

नगरपती फिलाग्रोसचा हुकूम दवंडीवाल्यानं भर चौकात वाचला आणि मिर्टोच्या हातातली ओली माती गळून पडली. तिबेस तिचा बाप.

तिबेस दूरच्या फ्रिगिया देशातून तारुण्यात या ग्रीक नगरात आला, त्याला तीस वर्षं झाली होती. मिर्टो तर इथंच जन्मली, दुसरं गाव तिनं पाहिलंही नव्हतं. पण ज्याचे आई आणि बाप दोघंही नागरिक, तोच नागरिक, असा तिथला कायदा. बाकीचे परके. परक्यानं घर विकत घ्यायचं नाही, मत द्यायचं नाही आणि कोणा नागरिकाची हमी असेल तरच गावात राहायचं. तिबेसची हमी घेणारा तेलाचा व्यापारी गेल्याच महिन्यात वारला होता. आणि फिलाग्रोसनं चौकाशेजारी नवं पांढरंशुभ्र घर बांधलं होतं. तिबेसच्या भट्टीचा धूर नेमका त्याच घराच्या भिंतींवर जायचा!

म्हातारा तिबेस चाकाशेजारी मटकन बसला. "मिर्टो, या वयात कुठं जायचं गं?"

"थांबा बाबा, आधी विचारून तर येते," ती म्हणाली आणि तशीच मातीच्या हातांनी फिलाग्रोसच्या दारात जाऊन उभी राहिली.

"नगरपती, बाबांनी असा काय गुन्हा केला?"

"गुन्हा? हमीशिवाय राहतो, हा गुन्हा नव्हे? आणि आमच्या नगराला त्याचा उपयोग तरी काय?"

"उपयोग आहे असं दाखवून दिलं तर?"

फिलाग्रोसला मोठी गंमत वाटली. "तू दाखवणार? बरं, ऐक! उद्या सभा आहे. तिबेसशिवाय नगराचं अडतं, असं एका तरी नागरिकानं भर सभेत स्वतःच्या तोंडानं सांगावं. मग मी हुकूम मागं घेतो, वर त्याची हमीही घेतो. पण तुझ्या बापाला सभेत पाऊल टाकायची बंदी, आणि तू तर बाई! तुम्ही दोघं सभेभोवतीच्या दोरीच्या बाहेर."

"शब्द देता?"

"दिला!"

मिर्टोची पाठ वळताच त्यानं घरोघर निरोप धाडला, की तिबेसच्या बाजूनं जो ब्र काढेल त्याची गाठ माझ्याशी आहे. मिर्टो दहा दारं फिरली. तिबेसचे माठ वापरणारी माणसं तिला पाहून दाराला आतून कडी घालू लागली. दहाव्या दारात तिचे डोळे भरून आले. अकराव्या दारी ती गेलीच नाही. तिथंच पायरीवर बसून तिनं हुकूम पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिला, शब्द न् शब्द. मग डोळे पुसले आणि शेजाऱ्याची गाढवगाडी मागायला गेली.

दुसऱ्या दिवशी सभा खचाखच भरली. बंदराची भिंत उंच करायची की नाही, यावर मतं पडायची होती. मधोमध दोन मोठे रांजण ठेवले होते, एक होकाराचा, एक नकाराचा. फिलाग्रोस बोलायला उभा राहतोय, तोच दोरीपाशी गाढव ओरडलं.

"हे काय आहे?" फिलाग्रोस खेकसला.

"गाडी आहे!" मिर्टो दोरीबाहेरून म्हणाली. "तुमचाच हुकूम ना, की बाबांच्या हातची एकही वस्तू गावात राहता कामा नये? न्यायला आलेय."

"मग ने की! इथं काय काम?"

"आत यायची मला बंदी. तेवढे ते दोन रांजण बाहेर आणून द्यायला सांगा. बुडाशी बाबांचा शिक्का आहे, हवं तर बघून घ्या."

पहाऱ्यावरचा शिपाई हुकमाचा पक्का. त्यानं एक रांजण वाकवून पाहिला, शिक्का सापडला तसा उचलून चालूही लागला!

"अरे ठेव तो खाली!" फिलाग्रोस ओरडला. "तो नगराचा रांजण आहे!"

"घडवला कोणी?" मिर्टोनं विचारलं.

"तिबेसनंच घडवला! म्हणून काय घेऊन जाशील? नगरपती निवडला तो याच रांजणात मतं टाकून ना?"

"मला कुठलं निवडायला, मी तर बाई! तुम्हाला निवडलं."

सभेत कोणीतरी खुदकन हसलं. फिलाग्रोस लालबुंद झाला.

"मलाच निवडलं! तिबेसचा रांजण नसता तर मतं कशात टाकली असती, तुझ्या टोपलीत? तो नेलास तर आजची सभा अडेल, उद्याचं न्यायालय अडेल, सगळं नगर अडून बसेल!"

"कोणाशिवाय?"

"तिबेसशिवाय!"

बोलून गेला आणि त्याचा हात आपोआप तोंडावर गेला.

"ऐकलंत ना मंडळी?" मिर्टो म्हणाली. "एका नागरिकानं भर सभेत, स्वतःच्या तोंडानं सांगितलं. आणि नागरिक तरी कोण, खुद्द नगरपती!"

आधी एक म्हातारा कोळी हसला, मग पुढची रांग, मग अख्खी सभा. फिलाग्रोस क्षणभर घुश्शात उभा राहिला. मग त्याच्याही पोटातून हसू उसळलं, इतकं की त्याला रांजणाचा आधार घ्यावा लागला.

"हरलो! सगळ्या गावाला ताकीद दिली, स्वतःला द्यायची तेवढी राहूनच गेली!" डोळे पुसत तो म्हणाला. "तिबेसची हमी मी घेतो. आणखी काय हवं ते माग, पोरी. पण नागरिक कर म्हणू नकोस. तो कायदा माझ्या हातात नाही."

मिर्टोचा चेहरा थोडा उतरला. मग ती म्हणाली, "मग बाबांना स्वतःचं घर घेऊ द्या. तीस वर्षं दुसऱ्याच्या छपराखाली काढलीत त्यांनी."

सभेनं या मागणीवर तिथल्या तिथं मतं टाकली. होकाराचा रांजण काठोकाठ भरला.

लेखनिक मात्र मेणाची पाटी हातात धरून अडून बसला. "नगरपती, नाव लिहायचं कुठं? नागरिकांच्या यादीत तिबेस बसत नाही आणि परक्यांच्या यादीत घराचा रकानाच नाही!"

"अहो, मग आखा की एक!" मिर्टो म्हणाली. "तुमची पाटी मेणाचीच आहे ना, दगडाची तर नाही?"

फिलाग्रोस पुन्हा खो खो हसत सुटला. त्यानं लेखनिकाच्या हातातली टोचणी घेतली आणि रकाना स्वतः आखला.